हवा गेल्यावर गाडी किती चालवली? रन-फ्लॅट टायरचं पंक्चर काढण्याआधीचा प्रश्न

सिन्नरजवळ दोन दुकानं झाली. पहिल्या दुकानदाराने चाक फिरवून खिळा बघितला आणि म्हणाला, "पाच मिनिटं थांबा, पट्टी मारून देतो." दुसऱ्याने टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचली आणि हात झटकले. "याला मी हात लावत नाही. नवा टाका." खिळा तोच, टायर तोच, तासाभरात दोन निकाल. मेहुणा फोनवर विचारत होता, "दाजी, दोघांतलं खरं कोण बोलतंय?"

मेहुण्याने गेल्या वर्षी एक वापरलेली जर्मन गाडी घेतली. घेताना इंजिनचा आवाज ऐकला, एसी पाहिला, सनरूफ दोनदा उघडझाप करून पाहिलं. डिकीतली चटई उचलून खाली स्टेपनी आहे का, तेवढं मात्र पाहिलं नाही. ती नव्हतीच. त्या गाडीला कारखान्यातूनच रन-फ्लॅट टायर आले होते. म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. समृद्धी महामार्गावर वैजापूरच्या पुढे डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला. गाडी तर व्यवस्थित चालत होती, म्हणून हा चालवत राहिला.

"किती चालवलीस?"

"असेल पन्नास-साठ किलोमीटर."

"वेग?"

"ऐंशीच्या आसपास." मग थोडं थांबून, "म्हणजे मधे कधी शंभर."

दोन्ही दुकानदार आपापल्या जागी बरोबर होते. पहिला भोकाबद्दल बोलत होता, आणि भोक खरंच किरकोळ होतं. दुसरा त्या पन्नास-साठ किलोमीटरबद्दल बोलत होता. रन-फ्लॅटचं पंक्चर काढावं की नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा खिळ्यात सापडत नाही. हवा गेल्यानंतर चाक किती फिरलं, यात सापडतं.

गाडी हवेवर उभी असते

आधी साधा टायर घेऊ. माणसं भरलेली सोळाशे किलोची गाडी धरली तर प्रत्येक चाकावर सुमारे ४०० किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर एवढं वजन पेलायला टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण १७० चौरस सेंटीमीटर लागतो. म्हणजे एक पोस्टकार्ड, किंवा आपला पसरलेला हात. एवढ्याशा जागेवर, आतल्या हवेच्या दाबाने, गाडीचा एक कोपरा उभा असतो. टायरचं रबर मुख्यतः ती हवा कोंडून धरतं आणि रस्त्याची पकड घेतं. वजन पेलण्यात त्याचा स्वतःचा वाटा थोडाच.

म्हणून हवा गेली की साधा टायर बसतो. बाजूची भिंत, म्हणजे साईडवॉल, दुमडते आणि डिस्कची, म्हणजे टायर ज्या धातूच्या चाकावर बसतो त्याची, कड नि रस्ता यांच्या मधे चेपली जाते. तसाच थोडा पुढे नेला तर टायरचा लगदा होतो. त्यात एक सोय मात्र आहे. गाडी एका बाजूला ओढते, फडफड आवाज येतो, स्टेअरिंग जड होतं. तुम्हाला थांबावंच लागतं.

रन-फ्लॅटमध्ये साईडवॉलच्या आत जाड, उष्णता सोसणाऱ्या रबराचा थर घातलेला असतो. हवा संपली तरी ही भिंत स्वतःच्या ताकदीवर उभी राहते. बैलगाडी सोडल्यावर जोखड खाली येऊ नये म्हणून टेकू लावतात ना, तसाच हा टेकू, फक्त टायरच्या आतच लपवलेला. बाहेरून बघाल तर ३३ पीएसआयचा टायर आणि १० पीएसआयचा टायर जवळजवळ सारखेच दिसतात. लाथ मारून हवा तपासणाऱ्या आपल्या सगळ्या जुन्या जाणकारांचा इथे पराभव होतो. त्यामुळेच या टायरांसोबत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, गाडीत असावीच लागते. ती नसेल तर चालकाला पंक्चर झाल्याचं कळणारच नाही.

कल्पना नवी नाही. डनलॉपने १९७० च्या दशकात डेनोव्हो नावाचा असा टायर काढला होता. त्याची एक गंमत मला फार आवडते. हवा गेली की टायरच्या आत वंगण सुटायचं, म्हणजे आतली रबरं एकमेकांवर घासून तापू नयेत. खरा शत्रू उष्णता आहे हे त्या मंडळींना तेव्हाच कळलेलं होतं. पुढे अमेरिकेत १९९७ च्या शेव्हरले कॉर्व्हेटमधून स्टेपनी काढूनच टाकली आणि गाडी रन-फ्लॅटवर विकली. नंतर बीएमडब्ल्यूने ही पद्धत आपल्या नेहमीच्या गाड्यांत आणली, आणि त्यांच्यामार्फत ती पुण्या-नाशिकच्या पार्किंगमध्ये पोचली.

स्टेपनी शब्द आला म्हणून सांगतो. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाची एक गल्ली आहे. तिथे १९०४ मध्ये डेव्हिस नावाच्या भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली आणि त्याला गल्लीचं नाव दिलं. इंग्लंडात तो शब्द मागे पडला. आपल्याकडे तो इतका मुरला की गाडीतली ती वस्तूच दिसेनाशी होत चालली तरी शब्द हटायला तयार नाही. २०२० मध्ये आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट गाडीसोबत दिलं असेल तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालते.

ऐंशीचा आकडा

रन-फ्लॅटबद्दल सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जाते. हवा शून्य झाली तरी ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने ८० किलोमीटर. हा आकडा लोक हक्कासारखा वापरतात. माझ्या मेहुण्याचंही तेच म्हणणं होतं, "ऐंशीच्या आत होतो ना मी."

थोडा हिशोब करू. कारच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला अकरा फेरे. प्रत्येक फेऱ्यात साईडवॉलचा प्रत्येक भाग एकदा खाली येतो, वजनाखाली वाकतो आणि वर जाताना सरळ होतो. हवा असताना हे वाकणं किरकोळ असतं. हवा नसताना ती जाड भिंत पुरती वाकते. सेकंदाला अकरा वेळा. ऐंशी किलोमीटरमध्ये चाळीस हजार वेळा.

छत्रीची तुटकी तार हातात घेऊन लहानपणी आपण सगळ्यांनीच मागे-पुढे वाकवली असेल. दहा-बारा वेळा वाकवली की ती जागा बोटाला चटका बसेल इतकी तापते, आणि मग तुटते. रबराचंही असंच. वाकवायला जेवढी शक्ती लागते तेवढी ते सरळ होताना परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन आतच राहते. शिवाय जाड रबर म्हणजे गोधडीच, आतली ऊब बाहेर लवकर सोडत नाही. हवा नसलेल्या रन-फ्लॅटच्या भिंतीत तापमान शंभर अंशांच्या पुढे जातं.

आता या उष्णतेने काय होतं ते बघा. कारखान्यात टायर गंधक मिसळून, साच्यात घालून, दाबाखाली भाजलेला असतो. त्या भाजण्यातूनच रबराला ताकद येते. भाकरी एकदा नीट भाजून झाली आणि तुम्ही ती पुन्हा तव्यावर टाकून विसरलात तर ती कडक होते, मग तडकते. टायरच्या आतलं रबर असंच दुसऱ्यांदा भाजलं जातं. रबराच्या आत कापडी धाग्यांचे थर असतात. हा टायरचा सांगाडा. रन-फ्लॅटमध्ये त्यासाठी बऱ्याचदा रेयॉन वापरतात, कारण उष्णतेत पॉलिएस्टरपेक्षा ते आपली ताकद जास्त टिकवून ठेवतं. तरी त्यालाही मर्यादा आहे. धागा आणि रबर यांची एकमेकांवरची पकड सुटू लागते. थर वेगळे व्हायला लागतात. बाहेरून काहीही दिसत नाही.

म्हणजे तुम्ही ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तो गुण वापरला की खर्च होतो. काडेपेटीत एकच काडी आहे असं समजा. ती ओढून तुम्ही अंधारात घरी पोचलात, काम झालं. तीच काडी उद्या पुन्हा पेटणार नाही.

आणि ऐंशी हा आकडासुद्धा ठरवून दिलेल्या परिस्थितीतला आहे. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या पुस्तिकांत भाराप्रमाणे वेगवेगळी अंतरं दिलेली होती. एक-दोन माणसं, सामान नाही, तर सुमारे २५० किलोमीटर. माणसं आणि सामान खच्चून भरलेलं असेल तर फक्त ५० च्या आसपास. एकाच टायरमध्ये पाचपट फरक. आता मे महिन्यातली दुपार, काँक्रीटचा तापलेला रस्ता, मागे तीन पोरं आणि आंब्यांच्या पेट्या असतील, तर तुमचा ऐंशीचा आकडा नेमका कितीचा, हे तुम्हीच ठरवा. समृद्धीवर कारला ताशी १२० पर्यंत परवानगी आहे. तिथे सगळे सुसाट जात असताना डाव्या लेनमधून ऐंशीच्या आत जाणं मनाला फार जड जातं, हे मी स्वतः अनुभवलंय. पण दिवा लागल्यावर तेवढाच वेग आहे, आणि शक्य असेल तर त्याहून कमी.

मग दुरुस्ती कधी होते?

होते. "रन-फ्लॅट कधीच दुरुस्त होत नाही" हे दुकानात ऐकू येणारं वाक्य अर्धवट आहे, आणि त्या अर्धवट वाक्यावर नवे टायर बरेच खपतात.

समजा, सकाळी गाडी काढताना दिवा लागला. हवा ३३ वरून २६ वर आलेली आहे. खिळा रुतून बसलाय, हवा हळूहळू जातेय. तुम्ही जवळच्या पंपावर हवा भरली, तशीच गाडी टायरच्या दुकानात नेली. हा टायर एक मिनिटही रिकामा चाललेला नाही. त्याच्या भिंतीवर जादा ताण आलेला नाही. अशा वेळी हे पंक्चर आणि साध्या ट्यूबलेसचं पंक्चर यांत फारसा फरक उरत नाही, आणि नियमही साध्या टायरचेच लागतात. भोक रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या मधल्या भागात हवं. ब्रिटनच्या मानकात हा भाग पट्ट्याच्या रुंदीच्या मधला तीन चतुर्थांश धरतात. भोकाचा व्यास ६ मिलीमीटरपर्यंत. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेचंही मत तेच, पाव इंच. खांद्यावर, म्हणजे जिथे पट्टा वळून भिंत सुरू होते तिथे, किंवा थेट भिंतीवर भोक असेल तर विषय संपला. तो भाग सतत वाकतो, तिथे लावलेला पॅच टिकत नाही. रन-फ्लॅटची तर सगळी ताकदच त्या भिंतीत आहे.

एवढं जुळलं तरी आणखी एकाला विचारावं लागतं, टायर बनवणाऱ्याला. इथे कंपन्यांत एकमत नाही. काही जण सरळ नको म्हणतात. काही जण अटी घालून, बहुधा एकदाच, परवानगी देतात. काहींचं म्हणणं असं, की दुरुस्तीनंतर टायरवर लिहिलेली कमाल वेगाची मर्यादा गृहीत धरू नका. गाडी बनवणारे आणखी सावध. बीएमडब्ल्यूच्या पुस्तिका सुरक्षिततेसाठी खराब झालेला रन-फ्लॅट दुरुस्त न करता बदलायला सांगतात. यात थोडा कायदेशीर बचाव आहे, मी नाकारत नाही. पण त्यामागचं कारण खरं आहे. टायर रिकामा किती चालला, हे दुकानदाराला कळायला मार्ग नाही. चालकाला विचारावं तर चालक नेहमी "थोडंसंच" म्हणतो.

आत काय दिसतं, काय दिसत नाही

टायर डिस्कवरून उतरवला की आतून त्याची साक्ष घेता येते. चांगला माणूस आधी आत हात फिरवतो. बोटांना काळी पूड किंवा रबराचे चुरे लागले तर भिंत आतून घासली गेली आहे. भिंतीवर गोलाकार, एकसारखी सुरकुत्यांची रेघ दिसली, आतलं गुळगुळीत अस्तर खरबरीत झालेलं असलं, एखाद्या जागी रंग निळसर वा भुरकट पडला असला, भिंत दाबल्यावर एका ठिकाणी मऊ लागली, तर तो टायर गेला. धागे दिसत असतील तर मग बोलायलाच नको.

अडचण उलट्या बाजूने आहे. यातलं काही दिसलं नाही, तर टायर चांगलाच आहे असं म्हणता येत नाही. साधा टायर रिकामा चालला की लगेच चुरगळतो, स्वतःच कबुली देतो. रन-फ्लॅटची जाड भिंत मात्र आतले सुटलेले थर झाकून ठेवते. विमानाचे टायर पुन्हा नवा पट्टा चढवून वापरतात, तेव्हा लेझरच्या साहाय्याने आतले थर कुठे सुटलेत का ते पाहतात. आपल्या कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात असलं यंत्र नाही, आणि एका पंक्चरसाठी कुणी ते ठेवणारही नाही. म्हणून डोळ्यांनी तपासून फक्त "नाही" खात्रीने म्हणता येतं. "हो" म्हणायला चालकाचा खरा जबाब लागतो.

मेहुण्याला मी हेच सांगितलं. पट्टी मारू नको. आधी टायर उतरवून आत बघायला सांग.

त्यावर पहिला दुकानदार थोडा नाराज झाला, आणि त्याचंही मला पटलं. हायवेवर रंगवलेला जुना टायर टांगून बसलेल्या या माणसांनी आपल्या सगळ्यांना कधी ना कधी रात्री-अपरात्री घरी पोचवलंय. पण बाहेरून मारायच्या पट्टीची पद्धत काय आहे ते बघा. खिळा काढायचा, खरबरीत सुई भोकात घालून ते मोठं आणि मोकळं करायचं, मग चिकट दोरीसारखी पट्टी आत खोचायची आणि वर राहिलेलं टोक कापायचं. पाच मिनिटांत काम, शंभर-दीडशे रुपये. टायर उतरवावा लागत नाही, त्यामुळे आत कुणी बघतच नाही. सुई फिरवताना पट्ट्याखालच्या पोलादी तारा दुखावतात. पट्टीच्या कडेने पावसाळ्यात पाणी तारांपर्यंत जातं आणि तारा गंजतात. अमेरिकन संघटनेच्या मते नुसती बाहेरून मारलेली पट्टी ही योग्य दुरुस्ती नाही, आणि आतून नुसता ठिगळासारखा पॅच लावला तर तीही अपुरी. भोकही भरलं पाहिजे आणि आतलं अस्तरही बंद झालं पाहिजे.

त्यासाठी मशरूम पॅच. नावासारखाच दिसतो, खाली दांडा आणि वर टोपी. टायर उतरवून आतली जागा घासून साफ करायची, सोल्युशन लावून ते सुकू द्यायचं, दांडा आतून बाहेर ओढायचा, टोपी आतल्या अस्तरावर बसवून रोलरने नीट दाबायची, कडा बंद करायच्या. घाईचं काम नाही. सोल्युशन सुकायच्या आधीच पॅच बसवणारे कमी नाहीत, म्हणून समोर उभं राहून बघितलेलं बरं.

रन-फ्लॅटला यात आणखी एक अडचण आहे. त्याची भिंत इतकी ताठ असते की तो डिस्कवरून सहज सुटत नाही. साध्या मशीनवर किंवा लोखंडी सळ्यांनी ओढाताण केली तर टायरची कड, म्हणजे बीड, फाटते, किंवा व्हॉल्व्हजवळ बसवलेला दाबाचा सेन्सर मोडतो. यासाठी जादा हात असलेलं मशीन लागतं. ते भिंत हळूच खाली दाबून धरतं. म्हणून दुकान निवडताना "पंक्चर काढता का?" एवढ्यावर थांबू नका. "रन-फ्लॅट उतरवायचं मशीन आहे का?" हे विचारा. हा प्रश्न कळला नाही तर पुढच्या दुकानात जा.

दिवा लागला त्या क्षणी

दिवा लागला की गाडी दाब दाखवतेय का ते बघा आणि फोटो काढा. दाब आणि किलोमीटरचा आकडा, दोन्ही. सुरक्षित जागी थांबून, अर्थात. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि पीएसआयचा आकडा पडद्यावर येतो. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या बीएमडब्ल्यूत, सेन्सर नसतोच. चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून गाडी अंदाज बांधते आणि नुसता दिवा लावते. अशा गाडीत हवेचा छोटा गेज डॅशबोर्डच्या खणात ठेवा, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे दाब २५ टक्क्यांनी उतरला की इशारा मिळायलाच हवा, युरोपात २० टक्के. म्हणजे पहिला दिवा लागतो तेव्हा टायर बहुधा रिकामा नसतो. तिथेच थांबून हवा भरली तर तुमचा टायर वाचू शकतो. पुढच्या तीस किलोमीटरमध्ये तो वाचत नाही.

मग दुकानात तो फोटो दाखवा. "दिवा २६ ला लागला, दोन किलोमीटरवर हवा भरली" हे सांगता आलं तर दुकानदारालाही हो म्हणायचा धीर येतो.

याउलट सगळ्यात वाईट सवय म्हणजे दिवा रिसेट करणं. रोज सकाळी हवा भरायची, दिवा घालवायचा, ऑफिसला जायचं. संध्याकाळी हवा पंधरावर आलेली असते, पुन्हा भरायची. आठवडाभर असं केलं तर टायर रोज थोडा थोडा भाजून निघतो. एकदम फुसकन हवा गेलेल्या टायरपेक्षा हा टायर जास्त फसवा, कारण सगळ्यांना वाटतं पंक्चर तर बारीकच होतं.

बाटलीतलं सीलंट जवळ असेल तर ते वापरायची घाई रन-फ्लॅटमध्ये करू नका. हवा नसतानाही टायर उभा राहणार आहेच, आणि ते द्रव्य सेन्सरला चिकटलं तर त्याची साफसफाई करत बसावं लागतं. शिवाय आतली जागा चिकट झाली की पॅच लावणारा वैतागतो. (आतून स्वतःच भोक बुजवणारे सेल्फ-सीलिंग टायर वेगळे. त्यांची गल्लत रन-फ्लॅटशी करू नका, दोन्हींचं तंत्र निराळं आहे.)

खड्ड्याने भिंतीला आलेला फुगवटा हा वेगळाच प्रकार, आणि आपल्या रस्त्यांवर पंक्चरइतकाच नेहमीचा. ताठ भिंत खड्ड्याचा मार गिळत नाही, त्यामुळे आतले धागे तुटतात आणि तिथे हवा फुगा काढते. त्याला दुरुस्ती नाही. कुणी करून देतो म्हणाला तर हसून पुढे जा.

जुना टायर विकत घेताना

टायर रन-फ्लॅट आहे की नाही, हे बाजूवरच्या रोमन अक्षरांवरून कळतं. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशलिनवर झेडपी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ, डनलॉपवर डीएसएसटी. मर्सिडीजसाठी बनवलेल्यांवर एमओई. पिरेलीवर सरळ रन फ्लॅट असंच लिहिलेलं असतं. एकाच एक्सलवर एक बाजूला रन-फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला साधा, असं करू नका. दोघांच्या भिंतींचा ताठपणा वेगळा, वळणावर आणि ब्रेकवर गाडी वेगळं वागते.

नवा टायर पाच आकड्यांत जातो, म्हणून लोक सेकंडहँड रन-फ्लॅट शोधतात. माझं मत स्पष्ट आहे. साधा वापरलेला टायर घ्यायचा तर घ्या, नक्षी बघून, तारखेचा चार अंकी आकडा बघून. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. वापरलेला रन-फ्लॅट मात्र घेऊ नका. नक्षी सात मिलीमीटर शिल्लक असलेला, नव्यासारखा चकचकीत टायर कुणी का काढून टाकला, याचा विचार करा. रिकामा चालवला म्हणूनच काढला असण्याची शक्यता मोठी. अशा टायरचा पट्टा झिजायच्या आधीच त्याची भिंत संपलेली असते.

सिन्नरच्या त्या दुसऱ्या दुकानात योग्य मशीन होतं. टायर उतरवला. मेहुण्याने व्हिडिओ कॉल लावला. दुकानदाराने टायर आडवा धरून आत हात घातला आणि मूठ उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. काळे चुरे, जळक्या तिळांसारखे. आतल्या भिंतीवर बोटभर रुंदीची सुरकुत्यांची पट्टी पूर्ण गोल फिरलेली होती. मधल्या पट्ट्यातला खिळा मात्र एवढासाच, चार मिलीमीटरचाही नसेल.

मेहुणा गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, बाहेरून बघा ना, नवाच वाटतोय."

दुकानदार म्हणाला, नव्या टायरच्या बिलातून हा जुना पाचशेला वजा करतो. मी मेहुण्याला सांगितलं, पाचशे सोड, पण हा टायर तुझ्यासमोर भिंतीत कापून टाकायला लाव, नाहीतर महिन्याभरात दुसऱ्याच्या गाडीला लागेल. दुकानदाराने थोडी कुरकुर केली आणि पोराला हाक मारली. पोराने पाती घेतली आणि बाजूच्या भिंतीवर चालवायला लागला. साधा टायर असता तर दोन मिनिटांत उकलला असता. या भिंतीत पाती दोनदा अडकली, एकदा मोडली.